मानाच्या लोंब्या

तात्यांना कुणी रस्त्यात नमस्कार केला, की ते आधी सदऱ्याचं वरचं बटण लावून घेत आणि मग नमस्काराला उत्तर देत. लांज्याच्या अलीकडे, कातळ उतरून खाली गेलं की जी कोंडवाडी लागते, तिथे त्यांची ही लकब सगळ्यांना ठाऊक होती आणि पाठीमागे तिची नक्कलही होत असे. पण पाठीमागेच. समोर आत्मारामतात्या म्हणजे वाघजाईचे मानकरी. नव्याच्या पुनवेला वाडीत भाताची पहिली लोंबी कापली जायची ती तात्यांच्या खाचरातली, त्यांच्याच विळ्याने. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून तात्यांकडे हा मान आला होता. दुसरं फारसं काही आलं नव्हतं, म्हणून तात्या तो जरा जास्तच जपायचे.

कापलेल्या लोंब्या टोपलीतून देवळात जायच्या. गुरव त्या देवीपुढे ठेवायचा आणि मग घराघराला एकेक लोंबी वाटायचा. आंब्याच्या पानात ती लोंबी, नाचणीचं कणीस आणि कुर्डूचं फूल गुंडाळून लोक दाराला, गोठ्याला, विहिरीच्या रहाटाला बांधायचे. हे ‘नवं’ सगळ्या कोकणात बांधतात. कोंडवाडीत मात्र पुढे आणखी एक रीत होती. बांधण्याआधी घरातली बाई त्या लोंबीचे मूठभर दाणे हातावर चोळून काढायची आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यात मिसळून ठेवायची. देवीपुढून आलेले दाणे बियाण्यात असले की तरव्याला, लावणीच्या रोपांना, बरकत येते, असं वाडी मानायची. मानू द्या बापडी. इतकी वर्षं त्यातून कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी तात्यांच्या मुंबईच्या मुलाने, संदेशने, गणपतीला नव्हे तर चक्क पेरणीच्या तोंडाला घरी फेरी मारली. सोबत बियाण्याची एक गोण होती. त्याच्या कामावरच्या एका माणसाच्या गावाकडचं, दुसऱ्या राज्यातलं, बारीक दाण्याचं भात. मुलाने एवढ्या लांबून डोक्यावरून आणलेलं बियाणं तात्यांनी कौतुकाने मानाच्या खाचरातच टाकलं. भात छान आलं, पण लांबलं. पुनव चार दिवसांवर आली तरी लोंब्यांत अजून दूध. त्या साली पाऊसही उशिरा लागलेला, त्यामुळे बाकीच्यांची खाचरंही हिरवीच. तात्या दिवसातून तीनदा बांधावर जाऊन यायला लागले. मानकऱ्याच्या विळ्याला लोंबी नाही, असं कधी झालं नव्हतं.

आणि मग बांधावर उभं असताना त्यांना दिसलं, की खाचरात मधूनमधून काही रोपं इतरांपेक्षा हातभर उंच गेलीत आणि त्यांच्या लोंब्या पिकल्यातसुद्धा. दाण्यांना लांब तांबूस कुसळं. देखणी रोपं होती, खोटं कशाला बोला. तात्यांनी तिथेच हात जोडले. देवीने लाज राखली, असं ते घरी येऊन बायकोला, विमलाकाकींना, म्हणाले.

पुनवेला टोपली डोक्यावर घेऊन ते देवळाकडे निघाले, तेव्हा वाटेभर दाणे गळत होते. लोंबीला बोट लागलं तरी दाणा सुटायचा. गुरव म्हणाला, देवीने वाटेतच आपला वाटा घेतला. सगळ्यांना हे फार आवडलं आणि तात्यांना सगळ्यांपेक्षा जास्त. त्या वर्षी वाडीत एकच दार लोंबीवाचून राहिलं. गंगाचा नवरा शिवा भाद्रपदात काविळीने गेला होता. वर्षभर सण नाही, म्हणून तिने स्वतःच गुरवाला सांगून आपली लोंबी नको म्हटलं.

गंगाचं स्वतःचं असं परसाएवढंच शेत. शिवा आणि ती वाडीतल्याच महिपतचं एक मोठं खाचर वाट्याने कसायचे. शिवा गेल्यावर लावणीला माणसं कुठून आणायची? सावडीत आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे असं चालतं, पण त्यासाठी घरातून दुसऱ्यांकडे पाठवायला हात लागतात. गंगाच्या घरात ती आणि शाळेत जाणारी लेक सानवी. म्हणून पुढच्या पावसाळ्यात तिने लावणीचा नाद सोडला, लांज्याहून विक्री केंद्रातलं बियाणं आणलं, पुढेही दरसाल तेच, आणि दोरी धरून ओळीत सरळ पेरलं. बांधावरून जाणारे येणारे थांबून बघायचे आणि हसायचे. भात काय जोंधळा आहे का पेरायला, असं महिपतच तिला म्हणाला होता.

त्याच वर्षी लोकांच्या खाचरांत ती उंच रोपं दिसायला लागली. तरव्यात काही कळायचं नाही, लावणीतही नाही. भाताचंच पान, भाताचीच काडी. नंतर मात्र ती डोकं वर काढायची, आधी पिकायची आणि कापणीला माणसं पोचायच्या आत दाणे चिखलात टाकून मोकळी व्हायची. पहिल्या वर्षी लोकांनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या वर्षी बायका कापायला वाकल्या की हातात रिकामी कुसळं यायची. यंदा तर काही खाचरांत भात कुठलं आणि ते कुठलं हे सांगणं कठीण झालं. बायका कापायला वाकल्या की हातात रिकामी कुसळं यायची.

या सगळ्या काळात तात्या एक वाक्य बोलले होते, तेही सहाणेवर, पालखीच्या ओट्यावर, चार माणसांत बसून. नवीन पद्धत आली की नवीन दुखणं येतं, एवढंच. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. मानकऱ्याचं वाक्य ते, संध्याकाळपर्यंत घराघरात पोचलं आणि बघता बघता त्या रोपांना नावही पडलं. गंगेचं गवत. पोरंसोरंसुद्धा तसंच म्हणायला लागली. सगळ्यांच्या वर असलेल्या गंगाच्या खाचरात ते दिसत नव्हतं, याचाही उलगडा वाडीने केला. स्वतःचं साफ ठेवलं आणि बी खालच्यांच्या खाचरांत सोडलं. एकदा ठरलं की सगळंच पुराव्याला येतं. सावडीतून तिला वगळलं गेलं आणि महिपतने सांगून टाकलं, की यंदाच्या पुनवेआधी गावकीसमोर विषय काढून खाचर परत घेणार. खाचर गेलं तर गंगाला सानवीला घेऊन पोफळीला भावाच्या दारात जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि भावजय कशी आहे ते वाडीला माहीत होतं.

भाद्रपदाच्या अखेरीला कृषी सहायक म्हणून नवीन आलेली तेजस्वी नावाची मुलगी वाडीत आली. लोकांनी तिला खाचरं दाखवली. तिने एक उंच लोंबी हळूच ओंजळीत धरून कापली, दाणे तळहातावर चोळले आणि फुंकर मारून टरफलं उडवली. आत तांदूळ लालबुंद.

ती म्हणाली की हे गवत नाही, भातच आहे. भाताच्याच घरातलं, पण बिघडलेलं. तळ्याकाठी आपोआप उगवतं आणि ऋषिपंचमीला बायका खातात ते आपलं देवभात वेगळं, हे बाहेरून आलेलं. माणसाने हजारो वर्षं जे भात दाणा धरून ठेवतं त्याचंच बी जपलं, म्हणून पिकाला कापणीपर्यंत थांबायची सवय लागली. हे थांबत नाही. पिकलं की टाकतं. टाकलेल्यातलं थोडं लगेच पुढच्या पावसात उगवतं, बाकीचं चिखलात वर्षानुवर्षं झोपून राहतं, म्हणून एकदा आलं की लवकर जात नाही. शिवाय जवळच्या चांगल्या भाताशी त्याचा संकर होतो आणि मग ओळखायला आणखी कठीण जातं.

पेरलं की जास्त माजतं का, असं महिपतने विचारलं. ती म्हणाली, हाताने फेकून पेरलं तर माजतं, पण त्या वरच्या खाचरासारखं ओळीत पेरलं असेल तर उलट सोपं, ओळीबाहेरचं दिसतं आणि उपटता येतं. वाडीने यातला पहिला अर्धाच भाग घरी नेला. जाताजाता तिने आणखी एक गोष्ट विचारली. हे एकाच वर्षी सगळ्यांच्या तरव्यात आलं, म्हणजे बियाण्यातून आलं. तुम्ही सगळ्यांनी कुठलं एकच बियाणं वाटून घेतलं होतं का? लोक एकमेकांकडे बघून नाही म्हणाले. प्रत्येकाचं बियाणं घरचं होतं.

तात्या गर्दीच्या मागे उभे होते. तांबूस कुसळं तिच्या हातात दिसली तेव्हाच त्यांना आठवलं होतं. गर्दी पांगायच्या आधीच ते निघाले.

घरी येऊन ते थेट गोठ्यात गेले. दाराचं नवं दरसाल बदलायचं, पण गोठ्याच्या वाशाला तीन वर्षांपूर्वी बांधलेलं कुणी काढलं नव्हतं. आंब्याचं पान चुरा झालेलं. कुसळांत दोन दाणे अडकून राहिले होते. त्यांनी एक नखाने सोलला. लाल. दुसरा सोलायची गरज नव्हती, तरी सोलला.

विमलाकाकी शेण काढायला आल्या आणि त्यांना असं उभं बघून थांबल्या. तात्यांनी तळहात पुढे केला. तेजस्वीचं बोलणं काकींनीही बायकांत उभं राहून ऐकलं होतं, त्यांना सांगावं लागलं नाही. त्या साली शिवाच्या घराचं सोडून कुठल्या कुठल्या घरी लोंबी गेली, हे त्यांनाही पाठ होतं.

“तुमी काय मुद्दाम केलात?” काकी म्हणाल्या.

“नाय.”

“मग गप ऱ्हावा. मान एकदा गेला की परत येत नाय. गंगा काय, आज हाय, उद्या भावाकडं जाईल.”

तात्यांना त्याक्षणी बायकोचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट बरं वाटलं, कुणीतरी आपल्या मनातलं बोललं म्हणून. आणि बरं वाटलं याची लाज वाटली. पुढचे काही दिवस ही लाज त्यांच्यासोबत जेवायला बसायची. घास तोंडात गेला की वाटायचं, वाडीतल्या प्रत्येकाच्या ताटातला भात मी कमी केला आणि नाव दुसरीचं लावलं. चूक नकळत झाली, हे खरंच होतं. त्यासाठी देवीसुद्धा त्यांना काही म्हणाली नसती. पण सहाणेवरचं ते वाक्य? आणि आता कळल्यानंतरचं हे गप्प बसणं? ते नकळत नव्हतं.

गंगाच्या खाचराजवळून जाणारी वाट त्यांनी सोडली. कातळावरून वळसा घालून जायला लागले. गुडघे दुखतात असं म्हणणारा माणूस चढाची वाट का धरतो, असं एकदोघांनी विचारलंही. तरी ती भेटलीच, पिठाच्या गिरणीत. डबा खाली ठेवून, पदर सारखा करून ती पुढे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, की महिपतदादांकडे एक शब्द टाका, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. निदान सानवीची दहावी होईपर्यंत खाचर राहू दे.

तात्या म्हणाले, “बघतो.”

आयुष्यात त्यांनी हा शब्द शेकडो वेळा वापरला असेल. त्या दिवशी तो तोंडातून निघाला आणि त्यांना स्वतःची किळस आली. जिने आपल्याला जाब विचारायचा, ती आपल्याकडे रदबदली मागत होती आणि आपण मोठेपणाने बघतो म्हणत होतो. पीठ न घेताच ते गिरणीतून बाहेर पडले. घरी काकींना म्हणाले, मी गावकीत बोलणार. संध्याकाळी काकींनी त्यांचा पांढरा सदरा इस्त्रीला दिला नाही.

पुनवेच्या आधी गावकी देवळाच्या अंगणात बसली. पुरुष एका बाजूला, बायका दीपमाळेकडे. गंगा सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून उभी. महिपतने विषय काढला. त्याने आरडाओरडा केला नाही, तो तसा माणूस नव्हता. वाडीचं नुकसान झालं, याचा अर्थ कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी, खाचर मी माझ्याकडे घेतो आणि परत लावणी सुरू करतो, असं त्याने व्यवस्थित सांगितलं. गुरवाने रिवाजाप्रमाणे तात्यांकडे बघितलं.

तात्या उठले. सदरा कालचाच होता.

“ह्या सगळा माज्या लोंब्यांनी झाला,” ते म्हणाले. “तीन वर्सांमागं मी नव्याला ज्या लोंब्या आणल्या, त्या ह्याच. संदेशच्या गोणीतनं आलेल्या. तुमी त्येचे दाणे बियान्यात टाकलात. गंगेकडं सुतक होता, तिच्याकडं लोंबी गेली नाय, म्हनून तिचा खाचर साफ हाय. तिचा काय दोष नाय.”

बोलून झालं. त्यांनी खिशातून एका कागदाच्या पुडीतले ते दोन सोललेले लाल दाणे काढून देवळाच्या पायरीवर ठेवले. तात्या वाट बघत राहिले. आता कुणी ओरडेल, कुणी विळा मागून घेईल, म्हणून त्यांनी खांदे ताठ करून ठेवले होते.

पण महिपतच्या तोंडावर जे आलं तो राग नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते. तो पुढे आला आणि त्याने तात्यांचे दोन्ही हात धरले.

“तात्या, तुमीच ह्या करू जाने. एका रांडमुंड बायसाठी देवीच्या मानाला बट्टा लावून घेतलात. आमाला कळत नाय काय? मानाच्या लोंबीत असला काय निघंल?”

मागून कुणीतरी खरं आहे म्हणालं. बायकांमधल्या एकीने डोळे टिपले. तात्यांनी हात सोडवून घेतले. मी खरं सांगतोय, असं ते पुन्हा म्हणाले. गोठ्यातल्या नव्याचं सांगितलं, वाटेत गळलेल्या दाण्यांचं सांगितलं. पण ते दाणे तर देवीने घेतलेले, हे वाडीने स्वतः बघितलं होतं. जितकं ते समजावत गेले, तितकी लोकांची मान आदराने हलत गेली. मोठा माणूस आपल्यावर घ्यायला बसला की असंच करतो, हा भाव सगळ्या अंगणभर पसरला. तो पुसून काढणं आता त्यांच्या हातात नव्हतं.

म्हणजे, अगदीच नव्हतं असं नाही. एक वाक्य शिल्लक होतं. मला भाद्रपदातच कळलं होतं आणि मान जाईल म्हणून मी गप्प बसलो. हे वाक्य कुणी दुसऱ्याला वाचवायला खोटं बोलत नाही. ते ऐकलं असतं तर वाडीने विश्वास ठेवला असता. तात्यांच्या ओठांपर्यंत ते आलं. आणि समोर तीस-चाळीस माणसं त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होती, जशी यापूर्वी कधीच बघितली नव्हती. पाठीमागे नक्कल करणारेसुद्धा. काय बरं वाटलं ते! क्षणभरच, पण इतकं बरं वाटलं, की ते वाक्य त्यांनी गिळलं.

मग महिपतने निवाडा केला. तात्यांनी एवढं मोठं मन दाखवलं, तर आपणही ताणायचं नाही. खाचर गंगाकडेच राहील. मात्र पुन्हा पेरायचं नाही, लावणीच करायची, आणि झाल्या गोष्टीची माफी म्हणून तिने देवीपुढे नारळ ठेवायचा. कुणीतरी लगेच दुकानातून नारळ आणून दिला. गंगा खांबापासून निघाली ती सगळ्यांमधून वाट काढत पायरीपाशी आली. नारळ ठेवताना तिने ते दोन लाल दाणे बघितले आणि हाताने हलकेच बाजूला केले, नारळ घसरू नये म्हणून.

“तात्यांच्या पाया पड,” महिपत म्हणाला.

ती वाकली. तात्यांना मागे सरायचं होतं, पण मागे देवळाची पायरी होती.

“तुमी खरा बोललात, ता माला कळला,” ती त्यांच्या पायांशी, फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. “आजपत्तर नुसता आळ होता, तात्या. आता तुमचे उपकार पन झाले.”

तिचं डोकं अजून खाली होतं. सगळी वाडी बघत होती. तात्यांचा हात, आयुष्यभराच्या सवयीने, आशीर्वादाला तिच्या डोक्यावर गेला.